मोजणी बरोबर होती

४ सप्टेंबर

चि. ठमे,

आशीर्वाद. माझे पूर्ण आणि तुझ्या आईचे निम्मे. तू निघताना स्वेटर मुद्दाम विसरलीस, म्हणून बाकीचे निम्मे तिने राखून ठेवले आहेत.

पोचल्याचं पत्र मिळालं. फोनवर तू आईशी बोलतेस ते बरं आहे, पण मला त्यातलं काही ऐकू येत नाही. एकतीस वर्षं इंजिनाशेजारी बसलो, डावा कान कधीच निवृत्त झाला आणि उजवाही अर्ज देऊन बसलाय. तेव्हा आपलं ठरलंय तसं, मला पत्र. कागदावर, हाताने, आणि अक्षर जरा मोठं.

आणखी काय ठरलंय तेही लिहून ठेवतो, नंतर तू 'असं कधी म्हटलं होतं?' म्हणशील. पहिलं सत्र डिसेंबरात संपेल. तोवर राहायचं. त्यानंतर वाटलं तर परत यायचं, कोणी एका शब्दाने बोलणार नाही. पण एक अट. तुमच्या विद्यापीठाचं ऑफिस परदेशी विद्यार्थ्यांसाठी दर शनिवारी सहल काढतं ना? त्या सहलींना जायचं. सगळ्या. माती तपासायला इतक्या लांब गेलीस हे ठीक, पण तळघरातल्या प्रयोगशाळेत चाळण्या हलवत बसून गावाबद्दल मत बनवू नकोस. गाव खिडकीतून कळतं आणि माणसं सीटवर कळतात. शाळांच्या सहली नेऊन नेऊन मला जे काही शहाणपण आलं ते एवढंच आहे.

प्रत्येक सहलीचं लिही. गाडी किती सीटर, रस्ता कसा, वळणं किती, ड्रायव्हर ब्रेक कसा मारतो. प्रेक्षणीय स्थळ नाही लिहिलंस तरी चालेल.

बाबा

ता. क. मी आई. ह्यांना वळणं कळव, मला तू काय खातेस ते कळव. स्वेटर पाठवलाय. आता पुन्हा विसरायला जागाच नाही.

२० सप्टेंबर

प्रिय बाबा,

नमस्कार, आणि आईला सांगा स्वेटर घालूनच लिहितेय. (खोटं वाटत असेल तर या आणि बघा.)

पहिली सहल झाली! दीपगृह बघायला गेलो. गाडी पन्नास सीटर, पांढरी, खिडक्यांना एवढ्या मोठ्या काचा की आपण दुकानात मांडून ठेवल्यासारखे दिसतो. दार एका बटणाने लागतं आणि लागताना दमल्यासारखा सुस्कारा टाकतं. ड्रायव्हर तुमच्या वयाचा, टक्कल, सीटवर घरून आणलेली फुलाफुलांची उशी. ब्रेक असा मारतो की कळतच नाही. मी हातात चहाचा कप धरून बसले होते, एक थेंब सांडला नाही.

बरोबर सात वाजता निघालो. आधी तासभर सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं, मग टेकडी. वळणं चौदा, तुमच्यासाठी मोजली. नवव्या वळणावर पुढच्या सीटवरचा एक उंच मुलगा हिरवा पडला आणि ड्रायव्हरने न विचारता मागे पिशवी दिली. मला तुमचीच आठवण झाली. तुम्ही म्हणायचात ना, उलटी होणाऱ्याला ती होणार हे कळायच्या आधी ड्रायव्हरला कळतं.

मी खिडकीशी होते, उजवीकडे. समुद्र एकदम आला. दीपगृहाला दोनशे सात पायऱ्या आहेत. वर वारा असा की केस, ओढणी आणि विचार तिन्ही एका दिशेला.

मग परत आलो. यायला जरा उशीर झाला.

बाकी अभ्यास चालू आहे.

तुमची ठमी

३ ऑक्टोबर

चि. ठमे,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, चौथ्यांदा मिस्त्रीला वाचून दाखवलं. तोच आपला, माझ्या गाडीचं इंजिन ज्याने पाच वेळा उघडलं तो. तो म्हणाला, पोरगी बापावर गेलीय, दोनशे सात पायऱ्या चढली पण वळणं मोजायला विसरली नाही. मी छाती काढून घरी आलो. आईने विचारलं, काय झालं, पाठीत उसण भरली का?

त्या उशीवाल्या ड्रायव्हरला माझा नमस्कार सांग. ब्रेक कळू न देणारा माणूस घरातही आवाज चढवत नसणार.

एक राहिलं. जातानाचं इतकं लिहिलंस, येतानाचं एका ओळीत उरकलंस. येताना गाडी वेगळी असते. दमलेली पोरं गाणी म्हणतात, भांडतात, एकमेकांच्या खांद्यावर झोपतात. तुझ्या शेजारी कोण होतं? कुठून आलेलं? काय शिकायला? पुढच्या पत्रात लिही.

बाबा

ता. क. काय खातेस ते याही पत्रात नव्हतं. फोनवर 'सगळं' म्हणतेस. सगळं म्हणजे काहीच नाही, हे मला तुला वाढवताना कळलंय. आई.

१५ ऑक्टोबर

प्रिय बाबा,

नमस्कार. उशीर झाला, रागावू नका.

आणखी दोन सहली झाल्या. एक शहराच्या पश्चिमेला मोठं तळं आहे तिथे. तळं निळंशार असून परिसर अत्यंत रमणीय आहे. काठावर झाडी आहे, नौकाविहाराची सोय आहे. दिवस फार आनंदात गेला. संध्याकाळी परत येताना समोर सूर्य मावळत होता, पुढच्या काचेतून सगळा रस्ता सोनेरी दिसत होता. तुम्हाला आवडलं असतं.

दुसरी सहल मिठाच्या जुन्या खाणीची. खाण तीनशे वर्षांपूर्वीची असून आत तापमान बारा महिने सारखंच असतं. फार माहितीपूर्ण होती.

शेजारी वेगवेगळे लोक असतात. सगळे चांगले आहेत.

माझ्या खोलीतलं कपाट तुम्ही रिकामं केलं नाही ना? सहज विचारतेय. डिसेंबर तसा काही लांब नाही. बावीस तारखेचं एक तिकीट दिसलं, ते घेऊन ठेवलंय. नंतर मिळत नाहीत म्हणतात.

आईला सांगा, भात करते आणि त्याबरोबर काहीतरी करते.

ठमी

२९ ऑक्टोबर

चि. ठमे,

कपाट आहे तसंच आहे. तुझ्या आईने त्यात स्वतःचा एक रुमालसुद्धा ठेवला नाही.

आता मी जे लिहितोय ते शांतपणे वाच. मी रागावलेलो नाही. रागावलो की माझं अक्षर तिरकं होतं, हे बघ, सरळ आहे.

तळं पश्चिमेला आहे. म्हणजे परत येताना गाडीचं तोंड पूर्वेला. आणि सूर्य तुमच्या समोर मावळला? अगं, मी एकतीस वर्षं संध्याकाळच्या गाड्या चालवल्या. कुठल्या रस्त्याला ऊन डोळ्यांत जातं आणि कुठल्या रस्त्याला मानेवर येतं, हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. सूर्याने आजवर माझ्यासाठी कधी बाजू बदलली नाही, तुझ्यासाठी कशाला बदलेल? ड्रायव्हरच्या पोरीने थाप मारावी, पण अशी मारू नये.

आणि 'परिसर अत्यंत रमणीय'! ठमे, तू दीड वर्षाची असल्यापासून बोलतेस, 'रमणीय' तुझ्या तोंडून कधी ऐकलं नाही. ते माहितीपत्रकातलं आहे. दोन्ही सहलींत रस्ता नाही, वळण नाही, ड्रायव्हर नाही, कोणाला उलटी नाही. तू तळ्यावर गेली नाहीस. खाणीतही गेली नाहीस.

अट मोडलीस याचं मला काही वाटत नाही. पण तू खोलीत बसून माझ्यासाठी सहली रचत होतीस, हे डोळ्यांसमोर आलं आणि जेवण गेलं नाही. दीपगृहापर्यंत तू गेलीस, ते पत्र खरं आहे. येताना काहीतरी झालं. काय झालं ते लिही. कसंही असो. आईला सांगणार नाही.

बाबा

ता. क. मी वाचलंय. हे पाकीट चिकटवायला मलाच देतात आणि म्हणतात आईला सांगणार नाही. लिही गं बाळा. आई.

११ नोव्हेंबर

प्रिय बाबा, (आणि आई, कारण तू वाचणारच)

माझी चूक झाली. सूर्याबद्दलही आणि बाकीही.

तुम्हाला का सांगितलं नाही ते शेवटी लिहिते, आधी काय झालं ते.

दीपगृहावरून उतरले तेव्हा गाडी सुटायला चाळीस मिनिटं होती. खडकांच्या पलीकडे लालसर वाळूचा एक पट्टा दिसला. मला तसली वाळू आमच्या चाळण्यांसाठी हवी होती. पिशवी भरली, वर लेबल लिहिलं, परत आले. चार वाजता निघायचं होतं. मी पोचले तेव्हा चार वाजून सहा मिनिटं झाली होती आणि गाडी नव्हती.

मला वाटलं जागा बदलली असेल. दोनदा सगळीकडे फिरले. मग तिकिटं देणाऱ्या बाईने विचारलं, कोणाची वाट बघतेस? त्या बिचारीने स्वतःच्या गाडीने मला खोलीवर आणून सोडलं. वाटेत काही विचारलं नाही, फक्त रेडिओ लावला. चांगली बाई होती. हातीपायी धड पोचले, त्याची काळजी करू नका.

खरं वाईट पुढेच झालं. मला वाटलं सोमवारी कोणीतरी म्हणेल, अगं तू कुठे राहिलीस? ऑफिसमधून फोन येईल. सोमवार गेला. मंगळवारी मी मुद्दाम ऑफिससमोरून दोनदा गेले. आतली मुलगी हसली आणि म्हणाली, सहल आवडली का? मी म्हटलं, हो. गुरुवारपर्यंत वाट पाहिली. बाबा, मी गाडीत नव्हते हे कोणाला कळलंच नाही. माझ्या शेजारची सीट जातानाही रिकामीच होती. येताना दोन रिकाम्या होत्या एवढाच फरक.

त्यानंतर एकाही शनिवारी सहलीला गेले नाही. दार लावून बसते. इथे मी उद्या नसले तरी चाळण्या सोडून कोणाला फरक पडणार नाही, असं वाटतं आणि ते खोटं आहे असं म्हणायला काही पुरावा सापडत नाही.

तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही तुम्ही आहात. तुमच्या गाडीतून कधी कोणी मागे राहिलं नाही. लहानपणी तुमच्याबरोबर यायचे तेव्हा बघायचे ना, तुम्ही आरशात बघून मोजायचात, मग उठून मागे जाऊन एकेकाला शेजाऱ्याचं विचारायचात, आणि बाई कितीही घाई करोत, चावी फिरवायचा नाहीत. त्या माणसाला मी कसं सांगू, की तुमचीच मुलगी मोजायची राहिली?

बावीसला येते. मन घट्ट करून लिहिलंय, समजावू नका.

ठमी

२५ नोव्हेंबर

चि. ठमे,

समजावत नाही. ये. खोलीला चुना लावायला घेतलाय. मिस्त्रीला सांगितलं, तुझ्या मावशीला सांगितलं, खालच्या मजल्यावर न विचारता सांगितलं.

यायच्या आधी माझं एक काम कर. सोबत दुसरा कागद आहे. तो त्या उशीवाल्या ड्रायव्हरसाठी आहे. त्याला आपली भाषा येणार नाही, तेव्हा तू शनिवारी गाडी निघायच्या आधी जा आणि त्याच्या भाषेत वाचून दाखव. सहलीला जाऊ नकोस, नुसतं वाचून परत ये. आधी वाचू नकोस असं सांगणार होतो, पण तू आणि तुझी आई, दोघींची जात एकच.

भांडण करायला पाठवत नाहीये. काळजी करू नकोस.

बाबा

(सोबतचा कागद)

ड्रायव्हरभाऊ,

नमस्कार. मीही तुमच्यासारखाच. एकतीस वर्षं शाळेची गाडी चालवली. तुम्ही ब्रेक कळू देत नाही असं मुलीने लिहिलं होतं, तेव्हाच तुमच्याबद्दल चांगलं मत झालं. ते अजून तसंच आहे.

माझी एक गोष्ट सांगतो. माझ्या घरातही ती कोणाला ठाऊक नाही.

वीस वर्षांपूर्वी तिसरीच्या मुलांना धरणावरच्या बागेत नेलं होतं. बेचाळीस मुलं. निघताना बाईंनी मोजली, बेचाळीस. मी आरशात बघून मोजली, बेचाळीस. निघालो. अकरा किलोमीटरवर तिठा आला तेव्हा क्लीनर म्हणाला, जरा थांबवा, आजीबाईंना उतरायचंय. मी म्हटलं, कोण आजीबाई? तर त्याने दया येऊन एका म्हातारीला मागच्या सीटवर बसवलं होतं. वाकलेली, एवढीशी, डोक्यावर पदर. आरशात मुलांइतकंच डोकं दिसत होतं.

ती उतरली. मी पुन्हा मोजलं. एकेचाळीस.

त्या अरुंद रस्त्यावर गाडी कशी वळवली ते मला आठवत नाही. बागेच्या फाटकाशी पायरीवर एक मुलगी बसली होती. बूट काढून शेजारी नीट लावून ठेवले होते. रडत नव्हती. मी म्हटलं, चल बाळा. ती म्हणाली, मला वाटलं आता इथेच राहायचं.

शाळेत चौकशी झाली. मी लिहून दिलं, मोजणी बरोबर होती. बाईंनीही तेच लिहिलं. ते खरंच होतं, म्हणून कोणी पुढे काही म्हणू शकलं नाही. महिन्याभरात त्या मुलीला तिच्या घरच्यांनी शाळेतून काढून नेलं. मी तिची माफी मागितली नाही. मागायला गेलो असतो तर चूक झाली असं कबूल करावं लागलं असतं, आणि माझी मोजणी तर बरोबर होती.

त्या दिवसापासून मी नुसती डोकी मोजणं सोडलं. मागे जाऊन प्रत्येकाला विचारायचो, तुझ्या शेजारचा आला का? डोकं कोणाचंही असतं. शेजारी एकाचाच असतो. लोकांना वाटायचं, केवढा काळजीचा माणूस. माझ्या मुलीलाही तेच वाटतं. ती काळजी नव्हती भाऊ, ती भीती होती.

सप्टेंबरात तुम्ही दीपगृहावरून परत आलात तेव्हा माझी मुलगी मागे राहिली. तिच्या शेजारी कोणी नव्हतं, म्हणून कोणी सांगितलं नाही. तुमची मोजणीही बरोबरच आली असेल. मी तुम्हाला काय बोलणार?

हे वाचून दाखवतेय तीच ती. नीट बघून घ्या. आता तुम्ही तिला ओळखता.

तुमचा,
एक निवृत्त ड्रायव्हर

१३ डिसेंबर

प्रिय बाबा,

आधी वाचलं. वाचून बराच वेळ जिन्यात बसले. मग वाटलं तुम्ही समोर असता तर बरं झालं असतं, आणि काही बोलले नसते, नुसती शेजारी बसले असते.

शनिवारी पावणेसातला गेले. ते पुढची काच पुसत होते. मी पायरीवर उभी राहून वाचायला लागले. माझं त्यांच्या भाषेचं ज्ञान तुम्हाला माहीत नाही, पण कल्पना करा. 'क्लीनर'ला शब्द सुचला नाही, 'ड्रायव्हरच्या मदतीचा माणूस' म्हटलं. 'तिठा' म्हणजे हातवारे केले. म्हातारी आली तिथे ते हसले. एकेचाळीस आलं तिथे फडकं हातात तसंच राहिलं. बूट शेजारी लावून ठेवले होते, ते वाचताना माझाच आवाज गेला, तेव्हा त्यांनी मला आत घेतलं आणि त्यांच्या उशीवर बसवलं. स्वतः उभे राहिले.

सगळं संपल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला: वडील कुठली गाडी चालवायचे? मी सांगितलं. मान हलवली. मग म्हणाले, 'त्या दिवशी ऑफिसने दिलेल्या यादीवर सगळ्या नावांपुढे खुणा होत्या. मी यादी बघितली, माणसं नाही बघितली.' आणि टक्कल खाजवलं.

एव्हाना लोक चढायला लागले होते. मी उठले, म्हटलं, येते. तर त्यांनी बटण दाबलं! दाराने तो सुस्कारा टाकला आणि लागलं. म्हणाले, 'मी यादीत बघणार नाही. तू मोज, तुझ्या वडिलांसारखं.'

बाबा, पंचेचाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. कान गरम झाले. पण पहिल्या सीटपाशी गेले आणि विचारलं, तुझ्या शेजारचा आला का? तो चौदा वळणांचा हिरवा मुलगा होता. आज आधीपासूनच पिशवी मांडीवर. म्हणाला, आला. मग पुढे. सगळे हसायला लागले, आणि हसता हसता शेजाऱ्याकडे बघायला लागले. काहींना शेजाऱ्याचं नाव माहीत नव्हतं, त्यांनी तिथेच विचारलं.

शेवटून दुसऱ्या रांगेत एक मुलगी एकटीच होती, मोठ्ठ्या कोटात बुडालेली. तिच्याबद्दल सांगायला कोणी नव्हतं. मीच ड्रायव्हरकाकांना ओरडून सांगितलं, आली आहे, हिच्या शेजारी मी आहे. आणि बसले.

ती लाकूडकाम शिकते. खुर्च्या. तिची भाषा माझ्याहून मोडकी. पहिला अर्धा तास आम्ही नुसत्या एकमेकींकडे बघून हसत होतो. मग तिने हळूच विचारलं, 'दीपगृह. तू खिडकीत. येताना नाही. का?' तिने पाहिलं होतं, बाबा! माझी सीट रिकामी आहे हे तिला कळलं होतं. तिला वाटलं मी मैत्रिणींबरोबर दुसऱ्या गाडीने गेले. विचारायचं होतं, पण त्या वेळी तिला त्या भाषेतले सगळे मिळून वीस शब्द येत होते आणि त्यात हा प्रश्न बसत नव्हता. त्यानंतर दर शनिवारी मी येते का ते बघत होती.

आणि मी दार लावून पुरावा शोधत बसले होते.

एक जुनं बंदर बघितलं. बघण्यासारखं काही नव्हतं. गंजलेली साखळी आणि धुकं. इतकी मजा आली की काय सांगू. येताना तिला माझ्या खांद्यावर झोप लागली, कोटासकट. माझा हात बधिर झाला, पण हलवला नाही.

बावीसचं तिकीट रद्द केलं. हे वाक्य लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. चुना लावून झाला असेल. आईला कसं सांगाल? रागावू नका.

ड्रायव्हरकाकांनी तुमच्यासाठी सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते: 'तुमची मुलगी आता माझ्या ओळखीची आहे. मोजताना तिचा आवाज फार मोठा आहे. तुमच्या मुलीची मी माफी मागितली. तुम्हीही त्या मुलीची मागा. वीस वर्षं हा काही फार उशीर नाही.'

मलाही तेच विचारायचं होतं. ती मुलगी आता कुठे असते?

तुमची ठमी

२८ डिसेंबर

चि. ठमे,

तिकीट रद्द केलंस हे वीस तारखेला वाचलं आणि पहिल्यांदा मला आनंद झाला नाही. खरं तेच लिहितो, थापा मारून आपल्या दोघांचं काय होतं ते बघितलंय. चुन्याचा दुसरा हात नुकताच दिला होता. ब्रश पाण्यात टाकला आणि त्या रिकाम्या खोलीत बसून राहिलो. तू यावीस म्हणून मी दिवस मोजत होतो. आई आली, पत्र वाचलं, म्हणाली, 'पोरीला मैत्रीण मिळाली आणि तुम्ही तोंड पाडून काय बसलात?' मग तीही तिथेच बसली.

आता तुझा प्रश्न. ती मुलगी कुठे असते हे मला चार वर्षांपासून माहीत आहे. आपल्या चौकातलं औषधांचं दुकान तिचं आहे. पाटीवर नाव वाचलं त्या दिवसापासून मी खोकल्याचं औषध पार स्टेशनापलीकडून आणतो. तुझी आई म्हणायची, ह्यांना चालायची हौस.

परवा गेलो. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत बाहेर वजनकाट्याशी उभा राहिलो. वजन दोनदा बघितलं. मग आत गेलो. ती गोळ्यांची पट्टी कापत होती. म्हणाली, काय हवंय काका? मी म्हटलं, काही नको. धरणाची बाग, तिसरीची सहल. गाडी मी चालवत होतो.

तिने कात्री खाली ठेवली. मी पाठ करून गेलो होतो ते सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, बाळा, मोजणी बरोबर होती पण चूक माझी होती. तू त्यानंतर शाळा सोडलीस आणि मला तोंड दाखवायचा धीर झाला नाही.

ती म्हणाली, 'अहो काका, शाळा बाबांच्या बदलीमुळे सोडली.'

वीस वर्षं, ठमे. बदली.

मग ती काउंटरच्या बाहेर आली. म्हणाली, 'मी किती वेळ बसले होते, भीती वाटली का, मला काही आठवत नाही. एकच आठवतं. लांब धूळ उडाली, आणि माझ्या एकटीसाठी अख्खी बस परत आली. मी अजून सगळ्यांना सांगते ते. माझ्या मुलीलाही सांगते.'

मी तिथेच तिच्या स्टुलावर बसून रडलो. गिऱ्हाईक आलं तरी थांबता आलं नाही. तिने पाणी दिलं आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, हे आमचे ड्रायव्हरकाका.

तेव्हा तू राहा. शिक, माती चाळ, शनिवारी मोठ्या आवाजात मोज. त्या कोटवाल्या पोरीला माझा आशीर्वाद सांग, तिने पाहिलं म्हणून. तू परत यावीस असं मला आजही वाटतंय, उद्याही वाटेल. ते माझं मी बघतो.

पण कधी पुन्हा कुठे मागे राहिलीस, तर लपवून ठेवू नकोस आणि शहाणपणा करून एकटी चालत निघू नकोस. जिथे असशील तिथेच पायरीवर बस आणि कळव. मी गाडी वळवतो.

बाबा